फुकट की निम्म्या किमतीत?

बाहत्तरच्या निवडणुकीच्या तोंडावर नोरा ओल्या बोंबलांची टोपली घेऊन उत्तनच्या किनाऱ्यावर आली, तर वाळत घालायचे तिचे सगळे बांबू उपटून कार्यकर्त्यांनी सभेचा मंच उभारलेला. वर दोन पक्षांचे पुढारी हमरीतुमरीवर आले होते. ज्यांच्याकडे एकही बांबू नाही अशा बोंबील वाळवणाऱ्यांना सरकारने बांबू फुकट द्यावेत, की निम्म्या किमतीत? उन्हं चढली, टोपलीतून वास सुटला, तरी भांडण मिटेना.

शेवटी नोराच ओरडली, “अरे, माजा धंदा बुडतोय. बोंबील टांगायला एक बांबू न्हाय माज्याकडं.”

दोन्ही पुढाऱ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. एकाने खिशातून फॉर्म काढला, दुसऱ्याने स्वतःचं पेन पुढे केलं.

“लिहा, नोराबाई. कालपर्यंत तुम्ही योजनेत बसत नव्हता.”