परतीच्या पाण्याचा आराखडा

नकाशे काढण्यात हयात गेलेल्या अण्णांना निवृत्तीनंतर घरात समुद्र हवा होता. प्रवाळ, रंगीत मासे, आणि काचेच्या टाकीखाली पाणी गाळणारी दुसरी टाकी. वरच्या काचेला भोकं कुठे पाडायची, पाणी कुठून उतरेल, कुठून परत चढेल, हे ते रोज संध्याकाळी कागदावर काढत. एरवी दिवसभर नवरा-बायकोत ‘जेवायला या’ यापलीकडे बोलणं नसे. संध्याकाळी मात्र ती शेजारी बसून खोट काढी.

“अहो, पाइपमध्ये गोगलगाय अडकली तर?”

अण्णा उतरत्या पाण्याला दुसरा पाइप काढत.

“आणि वीज गेली तर? सगळं पाणी खाली. मग मासे पलंगाखाली शोधायचे का?”

अण्णा खालची टाकी मोठी करत. अशी चार वर्षं गेली. न आणलेल्या माशांपैकी कोण भांडखोर, कोण कुठल्या कपारीत झोपतो, हेसुद्धा दोघांना ठाऊक झालं.

आज अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. “झालं. आता नाव ठेवायला जागा नाही. उद्या काचवाल्याला भोकं पाडायला सांगतो.”

चष्मा पुसून तिने एकेक पाइप बोटाने पुन्हा तपासला. कुठेच काही सापडेना. शेवटी परतीच्या पाइपला हवेसाठी ठेवलेल्या, सुईच्या नेढ्याएवढ्या भोकावर बोट थांबलं.

“अहो, ह्यातून मासा निघून गेला तर?”

अण्णांनी भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“खरंच की,” ते म्हणाले आणि खोडरबर शोधू लागले.