सेनापतीचं लग्न

चौकशी अधिकारी लुआन साहेबांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि बोटं रुमालाला पुसली.

"एक सेनापती, एक वैद्य. दोघंही पुरुष. आणि ऐंशी प्रकरणं नुसते एकमेकांकडे बघतायत. लाज नाही वाटली, मुली?"

मियाओ छिंग खाली मान घालून बसली. दिवसा ती तालुक्याच्या ग्रंथालयात काम करायची आणि फावल्या वेळात इंटरनेटवर कादंबरी लिहायची. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या असल्याच गोष्टींपायी तिच्या ओळखीची एक लेखिका तुरुंगात होती. आता आपलीही पाळी आली, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

बाकावर शेजारी फू यान बसली होती, तिची पहिल्या प्रकरणापासूनची वाचक. चौकशीची बातमी कळताच ती परगावाहून आली होती. तिला दारात पाहून छिंगला रडू फुटलं होतं.

छिंगने हळू आवाजात सांगितलं की वसंतातच घाबरून तिने जुनी प्रकरणं काढून टाकली होती. नव्या शेवटात सेनापती राजकन्येशी लग्न करतो आणि वैद्य सरहद्दीवर साथ निवारायला जातो.

साहेबांनी तो शेवट वाचला. इतकं आज्ञाधारक पान छिंगने जन्मात लिहिलं नसेल. वाचता वाचता त्यांना जांभई आली.

"हे बेचव आहे, पण गुन्हा नाही. अडचण या गठ्ठ्याची आहे. तू काढून टाकलेलं सगळं कुणीतरी जपून ठेवलं आणि नावानिशी तक्रारीला जोडलं." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर चौकशी आजच बंद. नाही घेतली तर कागद वर जाणार, आणि वरचे लोक तुरुंगापेक्षा कमी शिक्षा देत नाहीत.

छिंगने फू यानचा हात घट्ट धरला. त्या तक्रारदाराचे पाय धरायचीही तिची तयारी होती.

"बोलवा ना त्यांना, साहेब," ती म्हणाली.

"बोलावलंय सकाळीच." साहेबांनी लाल शाईची डबी पुढे सरकवली. "बोला, मागे घेताय?"

फू यानने आपला हात सोडवून घेतला, उठली आणि शाईत अंगठा बुडवला.

"नाही. त्याचं लग्न राजकन्येशी लावलं हिने."