माझी चांगली सवय

निवृत्त झाल्यापासून बाई परीक्षांच्या मोसमात घरीच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून निबंध तपासायच्या. एका निबंधाला दोन मिनिटं, की लगेच पुढचा. त्या दिवशी विषय होता, ‘माझी चांगली सवय’. लवकर उठणारी, झाडांना पाणी घालणारी मुलं वाचून वाचून बाई कंटाळल्या होत्या. तेवढ्यात पुढचा निबंध उघडला.

‘आई कामावर गेली की मी दाराला आतून खुर्ची लावते. काका बाहेरून ढकलतात. आधी खुर्ची सरकायची. आता मला नीट लावता येते.’

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी तडक तपासणीच्या पर्यवेक्षकाला फोन लावला.

“दाराला खुर्ची लावणाऱ्या या मुलीचं नाव, शाळा कुणाकडे मिळेल? आत्ताच्या आत्ता कळवायला हवं.”

“बाई, आपण फक्त शुद्धलेखन आणि मांडणी बघायची. गुण टाका आणि पुढे चला.”

“गुण गेले चुलीत! तुम्ही वाचलंत तरी का हे?”

बाईंचा आवाज इतका चढला की आतून सून धावत आली. पडद्यावर वेळ संपल्याची लाल पट्टी लुकलुकत होती. बाईंनी त्या पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“माझ्यावर कशाला ओरडता?” पर्यवेक्षकही वैतागला. “आठवडाभर या एका निबंधाने डोक्याला ताप दिलाय. तुमच्याआधी तिघांनी हाच अडवून धरला.”

“मग? तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? तपासनीस बदलले.”