रविवारची सुट्टी

यंदापासून दुबईत रविवारची सुट्टी झाली, म्हणून माझ्या नवऱ्याचा, निनादचा, मित्र निखिल आमच्याकडे जेवायला आला होता. टीव्हीवर अमेरिकेतल्या गर्भपाताच्या कायद्यावरून वाद चालला होता: देशभर एकच नियम हवा, की ज्या-त्या राज्याने आपलं ठरवायचं?

"ठरवू दे की ज्याचं त्याला," निखिल आमटी भुरकत म्हणाला. "एका राज्यात बंदी असेल तर शेजारच्या राज्यात जायचं. दोन तासांची फ्लाइट!"

निनाद भरल्या ताटावरून उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"वहिनी, काही चुकीचं बोललो का मी?"

"नाही हो भावजी. आम्हीपण गेलो होतो, दोन हजार नऊमध्ये. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. ते जगणार नव्हतं, पण इथे परवानगी नव्हती. मुंबईत वीस आठवड्यांपर्यंत चालायचं, आणि रविवार शेवटचा दिवस होता. मंदीत रजा कोण देतंय? यांनी हातापाया पडून दोन दिवस मिळवले. शनिवारी संध्याकाळी आम्ही निघालो."

"मग?"

"सोमवारी डॉक्टर म्हणाले, काल यायला हवं होतं. पुढे चार महिने मी ते पोटात वागवलं. बिल्डिंगमधल्या बायका डोहाळे विचारायच्या."

"पण मग रविवारीच का नाही गेलात?"

"गेलो होतो. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. तिकडे रविवारी बंद असतं, हे आम्ही इथल्या आठ वर्षांत विसरूनच गेलो होतो. दोघंही."