टोटल लॉसच्या सह्या

बेल वाजली तेव्हा ती लेकीला, पिटुकलीला, शाळेत पोचवून, येताना भाजी घेऊन नुकतीच घरात शिरली होती. टीपॉयवर दोन उष्टे कप होते. बाबांनी पुन्हा दोनदा चहा ढोसला होता, डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडूनही. पण आज भांडण एकाच गोष्टीवरून करायचं, असं तिने ठरवलं होतं.

"आला वाटतं!" विमा कंपनीचा माणूस आज येणार होता.

पंधरवड्यापूर्वी बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गाडी विजेच्या खांबावर घातली होती. मागच्या सीटवर पिटुकली होती. तिला साधं खरचटलंही नाही, हे नशीब. गाडीचा मात्र पार चेंदामेंदा. दुरुस्तीत अर्थ नाही म्हणत कंपनीने टोटल लॉस जाहीर केला आणि दोन वाटा दाखवल्या. कागदांवर सह्या करून, आरसी बुक आणि दोन्ही चाव्या देऊन सांगाडा कंपनीच्या हवाली करायचा आणि विम्याचे पूर्ण पैसे घ्यायचे. नाहीतर कमी पैसे घेऊन तो आपल्याकडेच ठेवायचा. आज काय ते सांगायचं होतं.

बाबांना गाडी ठेवायची होती. त्यांच्या ओळखीचा गॅरेजवाला म्हणे मेलेलं इंजिनही उठवून बसवतो. म्हणजे पुन्हा तीच गाडी, तेच बाबा आणि मागे तिची लेक. ती विचार करूनच गारठायची. नवऱ्याने फोनवर हात झटकले होते, "बाबांना तूच सांग. त्यांनी माझं ऐकलं असतं तर मी आज डॉक्टर नसतो का झालो?"

तिने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून फाईल लावली होती. मूळ कागद आणि चाव्या बाबांच्या खणात होत्या. खणाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली जानव्याला.

दार बाबांनीच उघडलं. "या, या. तुमचीच वाट बघत होतो."

पाहुणा पन्नाशीचा, पोट सुटलेला, शांत. एखाद्याच्या घराला आग लागली तरी आधी आरशात बघेल आणि मग वळेल, असा.

तिने फाईल पुढे केली. "सगळं तयार आहे. फक्त बाबांच्या सह्या राहिल्यात."

"असू दे, ताई. आधी जरा बोलू." तो ऐसपैस बसला. "मुलीला शाळेत कोण नेतं?"

"मी नेणार," बाबा म्हणाले. "गाडी उभी राहिली की मीच."

"बाबा, तुम्हाला तो खांब दिसला नाही!"

"कुत्रं आडवं आलं."

"कुत्रं उजवीकडून आलं म्हणालात. खांब डावीकडे होता."

पाहुणा चष्म्यावरून तिच्याकडे बघत होता. "तुम्ही बारीक लक्ष ठेवता, ताई. रस्त्यावर असता तेव्हाही?"

"तिचं विचारूच नका," बाबा उसळले. "माझ्या शेजारी बसते आणि पायाने पायपुसणं दाबते. ब्रेक लावते म्हणे! डावीकडून! लायसन्स काढलं, आणि स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की हिला ताप येतो. कॉलेजात पहिली आलेली पोरगी! घाबरट कुठली."

"घाबरट नाही, काळजी वाटते मला."

"मग काळजीने पोचवशील का पोरीला? गाडी ठेवतोय मी. विषय संपला."

पाहुणा उठून गेला तर? उद्यापासून तो गॅरेजवाला, ती हातोडी, तो इंजिनाचा आवाज. आणि मागच्या काचेतून हात हलवणारी पिटुकली.

"मी चालवेन!" ती ओरडलीच. आपला आवाज ऐकून ती स्वतःच दचकली, पण थांबली नाही. "ऐकलंत? मी शिकेन. पिटुकलीला मी नेईन, मी आणेन. ताप आला तर तापात चालवेन! पण गाडी द्या, बाबा. यांच्यासमोर शब्द देते."

"नंतर पलटशील."

"पिटुकलीची शपथ."

पाहुण्याने खिशातून पेन काढलं. तिने ते जवळजवळ हिसकावलं, फाईल उघडली, आणि बाबांपुढे धरली. जिंकली होती ती. ओठांवर हसू फुटत होतं. नवऱ्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं तिला.

बाबांनी पेन घेतलंच नाही.

"सह्या मघाशीच झाल्या," ते म्हणाले. "तू भाजी घेत होतीस तेव्हा कंपनीचा माणूस आला होता. आरसी बुक, चाव्या, सगळं घेऊन गेला. डाव्या डोळ्याने मला काही दिसत नाही गं. ते मला तुझ्याआधी कळलंय."

तिच्या हातातली फाईल खाली आली. "मग हे कोण?"

पाहुण्याने तिच्या बोटांतून आपलं पेन अलगद सोडवून घेतलं आणि वहीत एक ओळ लिहिली.

"मोटार ड्रायव्हिंग स्कूल, ताई. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन दारात येतो."