डावीकडचं व्हायोलिन

कानसेनने डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधून घेतला आणि तो खुर्चीत ऐसपैस बसला.

"डोळे फसवतात," तो म्हणाला, "कान नाही. हं, लाव."

नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या या माणसाला सगळेच कानसेन म्हणत आणि तोही ते नाव मिरवत असे. घरी गाणी जुन्या कॉम्प्युटरवरून लागायची. गेले काही महिने त्याची एकच भुणभुण चालली होती. कॉम्प्युटर डावी बाजू खातोय, बहिरा झालाय मेला. त्याला हवा होता स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी आणून स्पीकरला देणारा आणि त्याखेरीज दुसरं काहीही न करणारा डबा. मुलीचं म्हणणं, चांगला चालता कॉम्प्युटर असताना हा लाड कशाला? शेवटी तीच मैत्रिणीकडून एक स्ट्रीमर मागून घेऊन आली. पैज ठरली: न बघता ऐकायचं, स्ट्रीमरचा आवाज सरस ठरला तर तसाच विकत घ्यायचा, नाहीतर कॉम्प्युटरच राहील.

मुलगी कपाटामागे वायरींच्या गुंत्यात बसली होती. बायको सोफ्यावर, त्याच्या डाव्या हाताला, मटार सोलत होती. तिला या पैजेत काडीचा रस नव्हता. शिवाय तिचा अबोला चालू होता. जेवताना ती त्याच्या डावीकडेच बसायची. काही विचारावं तर हा गृहस्थ आपला खाली मान घालून जेवतोय, हूं नाही की चूं नाही. भिंतीशी किती दिवस बोलणार? तिने बोलणंच सोडलं. तेही त्याच्या लक्षात आलं नाही आणि हेच तिला जास्त लागलं होतं.

कपाटामागून आवाज आला, "हे पहिलं."

उजव्या स्पीकरमधून पियानो सुरू झाला, मग डावीकडून व्हायोलिन. दर रविवारी घरात हेच लागायचं. गाण्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी व्हायोलिन कुठे येतं आणि कुठे वळतं, हे बायकोलाही पाठ झालं होतं.

"पुरे," कानसेनने तोंड वाकडं केलं. "व्हायोलिनचा जीवच गेलाय. दुसरं लाव."

थोडी खुडबुड झाली. पुन्हा पियानो सुरू झाला. व्हायोलिनची जागा आली आणि व्हायोलिन आलंच नाही. डावा स्पीकर गप्प होता. उजवीकडून पियानोच्या आडून त्याचा जेमतेम माग लागत होता, तोही माहीत असलेल्यालाच.

बायकोचा हात मटारच्या शेंगेवर थांबला. आता हा खुर्चीतून उडणार, तिला वाटलं. स्वयंपाकघरात बसून स्पीकरचा सैल झालेला स्क्रू ओळखणारा माणूस हा. कपाटामागून मुलीचं डोकं वर आलं. तिने जीभ चावली. डाव्या बाजूची पांढरी पिन तिच्या हातातच राहिली होती. ती लावायला ती पुन्हा खाली वाकली.

तेवढ्यात कानसेनने डावा हात उचलला.

"आहाहा! याला म्हणतात आवाज!" त्याचं बोट हवेत गज फिरवावा तसं फिरत होतं, प्रत्येक वळणाला अगदी बिनचूक. "आलं की नाही व्हायोलिन? अगदी इथे, डावीकडे उभं आहे."

मुलगी वाकली होती तशीच राहिली. तिला आधी हसू फुटलं. मग तिने आईकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं. आईने ओठांवर बोट ठेवलं, मग हातानेच खूण केली, बंद कर.

मुलीने गाणं बंद केलं. कानसेन तृप्त चेहऱ्याने बसून होता.

बायकोला तो फोन आठवला. गेल्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन आला होता. डावीकडच्या खुर्च्यांवरचे प्रेक्षक कानांवर हात ठेवून बसतात, आवाज इतका का चढवता? त्या दिवशी यांनी अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घातल्या होत्या. उद्यापासून नव्या नाटकाच्या तालमी होत्या.

ती उठली आणि त्याच्या डाव्या कानाशी वाकून हळूच म्हणाली,

"अहो."

कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. तो हसऱ्या चेहऱ्याने समोर तोंड करून बसला होता.

"अहो, चहा टाकू?"

काही नाही. पापणीसुद्धा हलली नसावी रुमालाखाली. इतके महिने आपण याच कानाशी भांडत होतो आणि याच कानावर रुसून बसलो होतो, हे कळल्यावर तिला आधी स्वतःचीच लाज वाटली. मग भीती वाटली.

खुर्चीला वळसा घालून ती उजव्या बाजूला आली. तितक्याच हळू म्हणाली, "अहो."

"काय गं!" तो दचकून वळला. "केवढ्याने ओरडतेस! बहिरा आहे का मी?" आणि मग हसत, "बोललीस एकदाची. ऐकलंस ना व्हायोलिन? कोणता होता दुसरा? स्ट्रीमरच ना?"

तो रुमालाची गाठ सोडायला लागला. बायकोने त्याचा हात गाठीवरच धरून ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "जरा वेळ राहू द्या तसाच."

समोर कपाटाशी मुलगी उभी होती. ती पांढरी पिन अजून तिच्या हातातच होती.