आजीच्या शब्दांचा मेनू

“आधी हे आपल्या भाषेत लिही, मग मी हात लावतो,” हेटुटु म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून बसला.

“आजोबा, इंग्रजी येतं की तुम्हाला! आत्ता आपण इंग्रजीतच बोलतोय.”

“ते गोदीतलं इंग्रजी. ओढ, सोड, सांभाळ, जेवायला चल. हे अनडू, पेस्ट, टॅब कुठल्या गावचं?”

एलेसीने कपाळावर हात मारला. ऑकलंडहून ती निऊ बेटावर आली होती ती आजोबांना संगणक शिकवायलाच. दवाखान्याच्या तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं आता संगणकावर येत होतं. आईने निक्षून सांगितलं होतं, “बाबांना ते जमलं तर दोघं तिथे राहतील. नाही जमलं, तर दोघांना इकडे घेऊन ये.” हे घर, हा समोरचा समुद्र सोडायला लावून आजी-आजोबांना ऑकलंडच्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवायचं, ही कल्पनाच एलेसीला सहन होत नव्हती.

तिने संगणकावरचं फुलाफुलांचं कापड उचललं. कापडावर धूळ होती, कीबोर्ड मात्र लख्ख. आजीचा हात फिरत असेल, असं तिला वाटलं.

“ठीक आहे. मेनूतला शब्द न् शब्द बदलते. सांगा, अनडूला काय लिहू? म्हणजे केलेलं मागे घेणं.”

“मला काय विचारतेस, पोरी? शब्द तुझ्या आजीकडे. मी नुसता ओझी वाहणारा.”

हीच तर पंचाईत होती. वाइगा आजीला गेल्या वर्षी मेंदूचा झटका आला आणि त्यात तिचं इंग्रजी पार पुसून गेलं. उरली ती निऊची बोली. एलेसीला त्या बोलीत नमस्कार आणि आभार यापलीकडे काही येत नव्हतं. तिलाच कशाला, वेलिंग्टनला राहणाऱ्या मामाच्या मुलाला, टोमालाही येत नव्हतं. आल्यापासून आजी-नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या.

आजी ओट्यावर केवड्याच्या पातींची टोपली विणत होती. एलेसी समोर बसली. हातवारे केले: काहीतरी केलं, मग चुकलं, मग पुन्हा आधीसारखं. आजीने बराच वेळ पाहिलं. मग विणलेली अख्खी चांगली ओळ सरसर उसवली, एक शब्द उच्चारला, आणि गुणगुणत तीच ओळ पुन्हा विणायला घेतली.

एलेसी धावत आत गेली. मेनूत पहिला शब्द बसला.

मग ती रोजच ओट्यावर. पेस्टसाठी आजीने नीरफणसाचा चीक बोटाला लावून ते बोट एलेसीच्या बोटाला चिकटवलं. सेव्हसाठी तिला हाताला धरून परसात नेलं आणि सणासाठी राखून ठेवलेल्या नारळखेकड्याच्या पेटीचं झाकण उघडलं. उच्चार चुकला की कान पिरगळायची. बरोबर आला की भाजलेल्या अळकुडीचा तुकडा तोंडात भरवायची. डिलीटला मात्र शब्दच देईना. मान हलवत राहिली. शेवटी समुद्राकडे हात करून काहीतरी लांबलचक बोलली, आणि एलेसीला त्यातलं निम्मं कळलं. टाकायचं नसतं काही, समुद्राला द्यायचं असतं. तिने मेनूत तेच लिहिलं.

हेटुटुचं समाधान होईना.

“हा शब्द पोराटोरांचा आहे. तिला जुना शब्द विचार. आणि त्या सेटिंग्जच्या आतली यादी राहिली.”

“आत यादी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“पेटीच्या आत पेटी असतेच, पोरी.”

“आजोबा, घर सुटायची वेळ आलीय तुमची, आणि शीळ काय घालताय!”

“मग रडू? विमान काय, दर शुक्रवारी येतं.”

एलेसीने दात आवळले, शुक्रवारचं विमान सोडून दिलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. काम अर्धवट टाकून जाणारी ती नव्हती.

एका दुपारी आजी सांगत होती, एलेसीची आई लहानपणी खेकड्याला भिऊन चर्चच्या खिडकीत कशी चढून बसली आणि पाद्र्याची प्रार्थना कशी मोडली. एलेसी पोट धरून हसली. “मग उतरवलं कोणी तिला?” तिने विचारलं. आजीचे हात पातींवर थबकले. या वेळी कोणीच हातवारे केले नव्हते. आजीने टोपली बाजूला ठेवली, नातीचं डोकं मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

मेनू पुरा झाला तेव्हा एलेसीने पडद्यावर आईला बोलावलं. हेटुटुने एका बोटाने टोचत टोचत, शब्द मोठ्याने वाचत दवाखान्याची तारीख शोधली आणि खेकड्यासारखी राखून ठेवली.

“राहा मग,” आई म्हणाली, आणि तिने नाक पुसलं.

शुक्रवारी शेजारच्यांची गाडी दारात आली. निरोपाचं बोलणं दोघींचं आजीच्याच भाषेत झालं आणि चांगलंच लांबलं. गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा एलेसीला आजीने विणलेली टोपी आठवली. ती खुंटीवरच राहिली होती. एलेसी गाडी थांबवून पळत मागे आली आणि दारातच थांबली.

आत हेटुटु चष्मा लावून बसला होता. फोन कान आणि खांद्यात अडकवलेला, नजर पडद्यावर, आणि दहाही बोटं कीबोर्डवर सरींसारखी कोसळत होती.

“काय सांगू टोमा,” तो फोनवर म्हणत होता, “तुझी बहीण शिकवून गेली, आणि तिची पाठ वळली तोच सगळं पुन्हा इंग्रजी झालं बघ. मला बापड्याला त्यातलं काय कळतंय? छे छे, तूच यायला हवंस, बाळा. पुढच्या शुक्रवारी विमान आहे.”

आणि बोलता बोलता सेटिंग्जच्या आतल्या यादीत शिरून त्याने इंग्रजीवर खूण केली.